प्रश्न विचारल्यानंतरचे तीन सेकंद

प्रश्नोत्तर ही आपल्या प्राथमिक शाळांतील अध्यापनाची सर्वांत जुनी आणि परिचित रीत होय. अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतलेल्या छात्राध्यापकास पहिल्या काही आठवड्यांतच प्रश्नांचे नियम सांगितले जातात. प्रश्न सुटसुटीत असावा, एका वेळी एकच विचारावा, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपणारा नसावा, तो आधी साऱ्या वर्गास उद्देशून विचारावा व मग उत्तर देणाऱ्याचे नाव घ्यावे. हे नियम आपणा सर्वांस तोंडपाठ आहेत आणि ते चुकीचेही नाहीत. पाठ-टाचणाच्या वहीत प्रश्नांसाठी स्वतंत्र जागा असते. परंतु प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षकाने किती वेळ गप्प राहावे, याचा उल्लेख त्या वहीत कोठेही नसतो. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. तो वरकरणी क्षुल्लक वाटेल. तथापि अध्यापनपद्धतींवरील संशोधनात इतक्या अल्प श्रमाने वर्गात इतका फरक पाडणारी दुसरी बाब निदान माझ्या वाचनात आलेली नाही.

प्रथम एका पाठाची हकीकत सांगतो. आंतरवासितेसाठी आलेल्या एका छात्राध्यापिकेचा चौथीच्या वर्गावरील परिसर अभ्यासाचा पाठ मी मागे बसून पाहत होतो. गाव लहान, वर्गात एकोणीस मुले. बाईंनी ओल्या फडक्याने पाटी पुसली, ती उन्हात धरली आणि थोड्या वेळाने विचारले, “पाटीवरचे पाणी कुठे गेले?” पुढच्या रांगेतील एक मुलगा तत्काळ म्हणाला, “वाळले.” बाई म्हणाल्या, “शाब्बास! वाळले. म्हणजे पाण्याची काय झाली? वा...” आणि सारा वर्ग एका सुरात म्हणाला, “फ!” लगेच पुढचा प्रश्न आला. भिंतीकडेच्या एका मुलाचा हात अर्धा वर आला होता, तो खाली गेला. पस्तीस मिनिटांच्या त्या पाठात मी अठ्ठेचाळीस प्रश्न मोजले. तास संपल्यावर त्या मुलास जवळ बोलावून मी तोच प्रश्न विचारला. तो जमिनीकडे पाहू लागला. मी मनातल्या मनात आठपर्यंत मोजले, तेव्हा तो बोलला, “पाटीत मुरले. सारवलेल्या जमिनीत मुरते तसे.”

उत्तर चुकीचे होते. परंतु त्या दिवशी त्या वर्गात विचार करून दिलेले उत्तर मला तेवढे एकच ऐकावयास मिळाले. त्याच्या उत्तरावर पुढचा सारा पाठ उभा राहू शकला असता. स्टीलच्या ताटलीत पाणी मुरत नाही. मग ताटलीवर शिंपडलेले पाणी उन्हात कुठे जाते, हे मुलांनी दहा मिनिटांत स्वतः पाहिले असते. ‘वाफ’ हा शब्द पाठ असलेल्या उरलेल्या अठरा मुलांपैकी कितीजणांच्या मनात ‘पाटी पाणी पिते’ हीच समजूत असेल, हे कळण्याचा मार्ग मात्र त्या पाठाने बंद केला होता. येथे हेही कबूल केले पाहिजे की, असल्या पाठांना मी स्वतः अनेक वर्षे चांगले गुण देत आलो. शेरा ठरलेला असे: ‘पाठ चैतन्यपूर्ण, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम.’ प्रतिसाद कोणाचा, हे पाहण्याची तसदी मी घेत नसे.

शिक्षक प्रश्न किती वेगाने विचारतो याची मोजदाद फार पूर्वीच सुरू झाली होती. अमेरिकेतील रोमिएट स्टीव्हन्स या संशोधिकेने माध्यमिक शाळांतील पाठ लघुलिपीत उतरवून घेतले व १९१२ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. एक शिक्षक दिवसाकाठी सरासरी ३९५ प्रश्न विचारतो आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश प्रश्न पाठ केलेले आठवण्यापलीकडे विद्यार्थ्याकडून काहीच मागत नाहीत, असे त्यांना आढळले. एवढे प्रश्न एका दिवसात बसवावयाचे तर उत्तरासाठी वेळ उरणार कोठून, हा हिशेब कोणासही करता येईल. तो प्रत्यक्ष मोजण्याचे काम मात्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कोणी मनावर घेतले नाही.

ते काम मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी केले. प्राथमिक शाळांतून विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांचे पाठ त्यांनी टेपरेकॉर्डरवर घेतले. पुढे त्या ध्वनिफिती आवाजाचा आलेख काढणाऱ्या यंत्रास जोडल्या, तेव्हा बोलणे कागदावर उंचवट्यांच्या रूपाने आणि शांतता सपाट रेषेच्या रूपाने उमटू लागली. सपाट रेषेची लांबी मोजली की शिक्षक किती थांबला हे कळे. तीनशेहून अधिक ध्वनिफितींच्या पृथक्करणातून आढळले ते असे: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतो. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर तो प्रश्न पुन्हा विचारतो, बदलून विचारतो, दुसऱ्या मुलाचे नाव घेतो किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळा होतो. उत्तर आल्यावर तर तो त्याहूनही कमी थांबतो. मुलाचे वाक्य संपते न संपते तोच त्याचा शेरा येतो.

रो बाईंनी मग काही शिक्षकांना दोन्ही ठिकाणी, म्हणजे प्रश्नानंतर आणि उत्तरानंतरही, तीन ते पाच सेकंद थांबण्याचे शिक्षण दिले. सहा वर्षे चाललेल्या या कामाचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर नऊशेहून अधिक ध्वनिफिती तपासून झाल्या होत्या. पाठ्यपुस्तक तेच, मुले तीच, शिक्षकही तेच होते. बदलली होती ती केवळ शांततेची लांबी. तरीही मुलांची उत्तरे पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी लांब झाली. ‘माहीत नाही’ म्हणणारी किंवा मुकी राहणारी मुले कमी झाली. कोणी न विचारता, पण विषयाला धरून, मुले बोलू लागली. ‘असे असेल का’ अशी अटकळ बांधणे, ‘कारण मी असे पाहिले’ म्हणून पुरावा देणे, आपल्या निरीक्षणाची शेजाऱ्याच्या निरीक्षणाशी तुलना करणे आणि स्वतः प्रश्न विचारणे, हे सारे वाढले. शिक्षकांमध्येही बदल झाला. त्यांचे प्रश्न संख्येने घटले व प्रकाराने वाढले, आणि ज्यांना ते मंद समजत होते त्या मुलांविषयीच्या त्यांच्या अपेक्षा उंचावल्या.

उत्तरानंतरच्या थांबण्याचे महत्त्व आपल्या सहसा ध्यानात येत नाही, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो. मूल बोलते ते तुटक तुटक. एक वाक्य बोलते, थांबते, आणि त्या थांबण्यात पुढचे वाक्य जुळवीत असते. आपण त्या फटीत ‘बरोबर!’ म्हणून शिरलो की मुलाचा विचार जेथे होता तेथेच तुटतो. शिवाय इतर मुलांनाही कळते की आता विचार करण्याचे कारण उरले नाही. ‘वाळले’ म्हणणाऱ्या त्या मुलासमोर बाई तीन सेकंद नुसत्या पाहत राहिल्या असत्या, तर तो कदाचित ‘उन्हाने’ म्हणाला असता, आणि शेजारची मुलगी ‘सावलीत पण वाळते की’ असे म्हणून गेली असती.

याच संशोधनातील आणखी एक बाब आपल्या जिव्हाळ्याची आहे. रो बाईंनी शिक्षकांना वर्गातील सर्वांत हुशार पाच व सर्वांत मागे पडलेली पाच मुले निवडण्यास सांगितले आणि या दोन गटांना किती वेळ मिळतो ते वेगवेगळे मोजले. हुशार पाचांना सुमारे दोन सेकंद मिळत होते. मागे पडलेल्या पाचांना एकही पुरता मिळत नव्हता. ज्याला अधिक वेळ हवा त्यालाच कमी वेळ! हा अन्याय हेतुपुरस्सर केलेला नव्हे. दुबळ्या मुलास वर्गापुढे ताटकळत ठेवू नये, त्याला लाज वाटेल, या दयाबुद्धीनेच शिक्षक त्याच्यावरून चटकन पुढे जातो. परंतु दिवसामागून दिवस असे घडले की त्या मुलास एक गोष्ट नीट समजते: आपल्याकडून उत्तराची अपेक्षाच नाही.

आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळांत यात भाषेची भर पडते. पालघरकडे वारली बोलणारे, नंदुरबारकडे पावरी बोलणारे, मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी-माडिया बोलणारे मूल पुस्तकी मराठीतील प्रश्न ऐकते, तो आपल्या बोलीत समजून घेते, तेथे उत्तर शोधते आणि मग त्या उत्तरास शाळेच्या मराठीचे कपडे चढविते. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलासही, कमी प्रमाणात का होईना, ही वाट चालावी लागते. एवढा प्रवास एका सेकंदात कसा व्हावा? अशा मुलास आपण ‘मंद’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आपण त्याच्या बुद्धीचे नव्हे तर आपल्या घाईचेच मोजमाप करीत असतो.

घाईचे प्रकारही पाहण्यासारखे आहेत. शब्दाचे पहिले अक्षर आपण म्हणून उरलेले वर्गाकडून म्हणवून घेणे हा आपल्याकडील सर्वांत रूढ प्रकार. त्यात वर्ग जागा असल्याचा भास होतो आणि विचार मात्र कोणालाच करावा लागत नाही. मुलाचे उत्तर शिक्षकाने पुन्हा मोठ्याने म्हणणे हा दुसरा. त्यामुळे मुले एकमेकांचे ऐकेनाशी होतात, कारण गुरुजी ते परत सांगणारच असतात. ‘हो की नाही?’, ‘समजले ना?’ हे प्रश्न केवळ रूपाने प्रश्न आहेत. ‘हो गुरुजी’ याखेरीज दुसरे उत्तर द्यावयास फार मोठे धैर्य लागते. ‘विचार कर, विचार कर!’ असे म्हणत राहणे हा त्यांतील सर्वांत गमतीचा. विचार करण्यास जी शांतता हवी ती आपणच मोडून काढीत असतो. स्तुतीविषयीही रो बाईंनी इशारा दिला आहे. शब्दाशब्दाला शाबासकी मिळणाऱ्या वर्गात मुले वस्तूकडे पाहण्याऐवजी शिक्षकाच्या डोळ्यांकडे पाहून उत्तर देतात, आणि त्या उत्तराचा सूर प्रश्नासारखा वर जातो. हा सूर आपण सर्वांनी ऐकलेला आहे.

आता प्रशिक्षणाकडे वळू. छात्राध्यापकास ही घाई शिकवितो कोण? उत्तर थोडे अप्रिय आहे. ती काही अंशी आमच्यासारखे प्रशिक्षकच शिकवितात.

अध्यापनाची एकेक कला सुटी करून तिचा सराव करावा, या कल्पनेतून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ड्वाइट ॲलन व त्यांचे सहकारी यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत उभी केली. चार-पाच विद्यार्थी, पाच-दहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य. पाठाचे चित्रमुद्रण पाहून चर्चा, आणि मग सुधारलेला पाठ दुसऱ्या विद्यार्थ्यांपुढे. ही पद्धत आपल्या देशात १९६७ मध्ये अलाहाबाद येथे प्रथम वापरली गेली. पुढे बडोदे विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्राच्या उच्च अध्ययन केंद्रात बी. के. पासी प्रभृतींनी ती आपल्या परिस्थितीस जुळेल अशी बसविली. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण, हे छत्तीस मिनिटांचे चक्र आपल्यांपैकी अनेकांनी स्वतः फिरविलेले आहे.

पद्धत चांगलीच आहे. परंतु येथे येताना तिच्यात एक बदल झाला. स्टॅनफर्डला पाठापुढे खरे विद्यार्थी असत. आपल्याकडे शाळेतील मुले रोज आणणे कठीण, म्हणून सहाध्यायी छात्राध्यापकच मुले होऊन बसतात. त्यांना उत्तर ठाऊक असते, शिवाय मित्राचा पाठ बिघडू नये अशी त्यांची इच्छा असते. प्रश्न पुरा होण्याआधी हात वर येतात. अशा वर्गात थांबण्याची गरजच भासत नाही. त्यातच ‘प्रश्नांतील ओघ’ हे कौशल्य ठराविक वेळेत विचारलेल्या अर्थपूर्ण प्रश्नांच्या संख्येने मोजले जाते. सहा मिनिटांत जास्त प्रश्न विचारणारा अधिक निपुण ठरतो. गंमत अशी की, ‘मौन व शब्देतर संकेत’ हे कौशल्य स्टॅनफर्डच्या यादीत होते आणि पासी यांच्या यादीतही आहे. परंतु सरावासाठी सामान्यतः पाच-सहाच कौशल्ये निवडली जातात आणि माझ्या पाहण्यात तरी मौनाची वर्णी त्यांत क्वचितच लागली. परिणामी छात्राध्यापक ओघ शिकून, पण थांबणे न शिकता, आपल्या शाळेत येतो.

म्हणूनच आंतरवासितेच्या काळात ज्यांच्या वर्गात तो उभा राहतो त्या शिक्षकाचे काम फार मोलाचे आहे. खरी मुले प्रथम तेथेच भेटतात. थांबणे शिकता येईल अशी जागा तीच. छात्राध्यापक आपल्या सूचना ऐकतो त्याहून अधिक आपला वर्ग पाहतो, यास्तव आरंभ आपल्यापासूनच करावा लागेल. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. रो बाईंना टेपरेकॉर्डर लागला. आपल्या खिशात मोबाइल आहे. एखाद्या तासातील दहा मिनिटे आवाज मुद्रित करावा आणि तो रात्री एकट्याने ऐकावा. कागदावर प्रत्येक प्रश्नास एक रेघ काढावी. रेघेपुढे किती थांबलो ते लिहावे आणि उत्तर कोणी दिले त्या मुलाचे नाव लिहावे. हे मुद्रण कोणत्याही समूहावर पाठवू नये. ऐकून झाले की पुसून टाकावे. ते मुलांचे बोलणे आहे, प्रदर्शनाची वस्तू नव्हे. पहिल्यांदा स्वतःचा पाठ ऐकणे सुखाचे नसते, हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या दहा मिनिटांत चौदा प्रश्न निघाले, त्यांतील नऊंची उत्तरे तीनच मुलांनी दिली होती आणि दोनांची मी स्वतः.

नंतर थांबण्याचा सराव. मनात सावकाश ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हटले की साधारण तीन सेकंद होतात. ते फार लांब वाटतील. प्रारंभी शिक्षकच अस्वस्थ होतो. मागे कोणी अधिकारी बसले असतील तर पाठ पडला असे वाटू लागते. मुलेही बुचकळ्यात पडतात, कारण त्यांना घाईची सवय झालेली असते. यासाठी आरंभीच सांगून टाकावे, “मी प्रश्न विचारीन, मग सगळे जण थोडा वेळ गप्प राहू. हात वर करावयाचा नाही. मी नाव घेईन तो सांगेल.” हात वर न करण्याची अट महत्त्वाची आहे, पहिला हात वर आला की बाकीच्यांचा विचार थांबतो. एका दिवशी एकाच तासात, त्यातही तीन-चारच प्रश्नांपुरते हे करावे. सर्व तासांत एकदम करू पाहणारे आठवडाभरात पूर्वपदावर येतात.

छात्राध्यापकाचा पाठ पाहताना आपण हाच कागद वापरावा. ‘आवाज स्पष्ट’, ‘फलकलेखन सुवाच्य’ हे शेरे लिहावेत. पण त्यांच्याखाली, कोणत्या मुलांनी एक शब्दही उच्चारला नाही त्यांची नावे लिहून तो कागद त्याच्या हाती द्यावा. त्यावर टीका करण्याची गरज पडत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पाठापूर्वी एवढेच सुचवावे की, यांपैकी दोघांसाठी एकेक प्रश्न आधीच योजून ठेव आणि त्यांच्यापुढे तीन मोजल्याशिवाय बोलू नकोस. शक्य असेल तेथे तोच पाठ चार-पाच मुलांच्या छोट्या गटास पुन्हा घेऊ द्यावा. बहुवर्ग शाळेत, एका इयत्तेस लेखनकाम दिलेले असताना, हे सहज साधते. सूक्ष्म अध्यापनाचा मूळ घाट असा होता. तो आपल्या ओसरीवर पुन्हा उभा करता येईल.

काही मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पाढे, शुद्धलेखनातील शब्द, उजळणीचे प्रश्न येथे जलद चाल योग्यच. ‘सात आठे किती’ यावर तीन सेकंद शांतता पाळण्यात अर्थ नाही. केनेथ टोबिन यांनी या विषयावरील अनेक अभ्यासांचा आढावा १९८७ मध्ये घेतला, त्यातही लांब थांबण्याचा लाभ विचार करावयास लावणाऱ्या प्रश्नांच्या संदर्भातच दाखविला आहे. प्रश्न पोकळ असेल तर त्यानंतरची शांतताही पोकळच राहते. आणि थांबणे म्हणजे मुलाकडे टक लावून त्याला उभे करून ठेवणे नव्हे. नजर वर्गावर सैल असावी. तरीही उत्तर येत नसेल तर “तू विचार कर, मी तुझ्याकडे पुन्हा येतो” असे म्हणून पुढे जावे. मात्र मग पुन्हा त्याच्याकडे यावेच. दोनदा विसरलात तर तिसऱ्या वेळी त्याचा विश्वास बसणार नाही.

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत ज्यांना शक्य असेल त्यांनी आपला एक कागद बरोबर आणावा. त्यावर शाळेचे वा मुलांचे नाव नको; दहा मिनिटांतील प्रश्नांची संख्या, सरासरी थांबणे आणि वर्गातील एकूण मुलांपैकी कितीजण बोलली, एवढे तीन आकडे पुरेत. पंधरा दिवसांनंतरचा दुसरा कागद जोडता आला तर अधिक चांगले. ज्यांच्याकडे सध्या छात्राध्यापक आहेत त्यांनी त्यांनाही बरोबर आणावे व त्यांचे कागद त्यांच्याच हाती असू द्यावेत.